माल्व्हर्न, शनिवार

आई नाशिकहून आल्यापासून जायचं जायचं चाललं होतं, आज शेवटी ग्रेट माल्व्हर्नला जाऊन आलो. बर्मिंगहॅमहून ट्रेनने साधारण तासभर. उतरल्यावर आधी स्टेशनचे खांबच बघत उभ्या राहिलो, ओतीव लोखंडाचे, वरती पानाफुलांची नक्षी आणि ती पण मस्त रंगवलेली. १८६० च्या दशकातलं स्टेशन. तिथून चढच चढ, सगळं गाव डोंगराच्या उतारावर, व्हिक्टोरियन काळातली मोठमोठी घरं, रस्त्यावर अजूनही गॅसचे दिवे.

हे सगळं उभं राहिलं ते पाण्यामुळे. १८४२ मध्ये विल्सन आणि गली या दोन डॉक्टरांनी इथे जलोपचार सुरू केले, म्हणजे पहाटे उठवून थंड पाण्यात भिजवलेल्या चादरीत गुंडाळायचं, मग डोंगर चढवून झऱ्याचं पाणी प्यायला लावायचं. पाण्यात औषधी असं काही नाही, उलट खडक इतका कठीण की त्यात क्षार फारसे विरघळतच नाहीत, हेच त्याचं कौतुक.

सेंट अ‍ॅन्स वेल या झऱ्याकडे जायला ९९ पायऱ्या. मी म्हटलं आई राहू दे, गुडघे दुखतील. तर म्हणे, "वणीचा गड चढलेय मी, हे काय." थांबत थांबत वरपर्यंत आली. झऱ्याखाली हात धरला तर थंडगार.

खाली येऊन प्रायरी चर्चच्या आवारात गेलो. तिथे अ‍ॅनी डार्विनची समाधी आहे, चार्ल्स डार्विनची मुलगी. १८४९ मध्ये तो स्वतः गलीकडे उपचार घेऊन गेला, बरं वाटलं, म्हणून त्याच विश्वासाने १८५१ मध्ये आजारी लेकीला इथे आणलं. २३ एप्रिलला ती गेली. दहा वर्षांची. दगडावर इंग्रजीत एवढंच, लाडकी आणि गुणी मुलगी.

मी आईला वाचून दाखवलं, तिने पहिलं विचारलं, "आणि आई कुठे होती तिची?" म्हटलं घरी, दिवस भरत आले होते, येता आलं नाही. आई काहीच बोलली नाही, दगडावर पडलेली सुकी पानं एकेक करून बाजूला काढत बसली. मला घरांचे अजून फोटो काढायचे होते, पण नाही काढले.

परतीच्या ट्रेनमध्ये बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, "पुढचं बाळंतपण नीट झालं का गं तिचं?"

झालं म्हटलं. पुढच्याच महिन्यात, मुलगा झाला.