तोंडातलं बियाणं

यंदा सोयाबीन दोनदा पेरावं लागलं. पहिल्या पिशवीतलं निम्मंही वर आलं नाही. पिशवीवर उगवणशक्तीचा आकडा झोकात छापलेला होता. आमच्या काळ्या रानाने तो वाचला नसावा. ट्रॅक्टरची वाट बघत मी बांधावर बसलो आणि बसल्या बसल्या मुंग्या बघायला लागलो.

पाऊस उघडला होता. बिळात भिजलेले गवताचे दाणे त्या उन्हाला आणून टाकत होत्या. बिळाच्या तोंडाशी फोलपटांचं गोल कडं. एकजण आपल्या दुप्पट दाणा उलट्या पावली ओढत ढेकळावर चढली, घसरली, पुन्हा त्याच वाटेने चढली. अक्कल म्हणून बाजूने जाईल तर शप्पथ!

या आपल्या कोठारवाल्या, नुसते दाणे साठवणाऱ्या. बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत. त्यांतल्या पानं कापणाऱ्या मुंग्या ती खायला नेतात, असाच लोकांचा समज होता. निकाराग्वात खाणीवर कामाला असलेल्या थॉमस बेल्टने १८७४ मध्ये लिहिलं, की पानं हे खत. त्यावर बुरशी पिकते आणि घर जगतं ते त्या बुरशीवर. मुंग्यांची बुरशीची शेती निदान ५-६ कोटी वर्षांची, आपली जेमतेम १०-१२ हजार. थोरल्या मुंग्या पानं कापतात, धाकट्या त्या पानांवर बसून माश्या हाकलतात, बारक्या आत खुरपणी करतात. तण म्हणजे दुसरी, परकी बुरशी. तिच्यावरचं औषध काही जातींना अंगावरच्या जिवाणूंकडून मिळतं, फवारणीचा पंप नको. (आपल्या वारुळातली वाळवीही बुरशी पिकवते, पण ती मुंगी नव्हे, झुरळाची भाऊबंद.)

मला मात्र त्या पानं कापणाऱ्या मुंग्यांची राणी आवडते. माहेर सोडून उडताना ती बुरशीचा एक कण तोंडातल्या पिशवीत घेते. मग पंख टाकते, एकटीच बीळ खणते, कण बाहेर काढते आणि स्वतःच्याच विष्ठेचं खत घालते. सुरुवातीला त्यातलं एक बोटही चाटत नाही; अंगातल्या चरबीवर दिवस काढते. तो कण मेला की सगळंच संपलं.

आमची आज्जी वालाचं बी राखेत घोळून उतरंडीच्या तळच्या गाडग्यात ठेवायची. आत्या सासरी निघाली तेव्हा ओटीच्या तांदळात आज्जीने मूठभर बी मिसळलं. "तांदळात हे कशाला गं?" मी विचारलं, तर म्हणाली, "लेका, तांदूळ आठ दिवसात सरतेत." आत्याच्या औशाच्या परसात तो वेल अजून आहे.

ट्रॅक्टर आला. नवी पिशवी फोडली. सवयीने एक दाणा दाताखाली धरायला गेलो, तोच ड्रायव्हर ओरडला, "काका, काय करायलाव! औषध लावलंय त्याला."

बोटं लालभडक झाली होती.