वेग चौपट, पण गॅम्बिटचा क्रम आधी लावा

ठाणे-वाशी लोकलमध्ये निन्टेंडो स्विच या हातातल्या कन्सोलवर खेळायला ‘फायनल फँटसी १२: द झोडियाक एज’सारखा गेम नाही. मूळ गेम २००६चा. ‘झोडियाक एज’ या रीमास्टरमध्ये, म्हणजे सुधारित आवृत्तीत, नकाशाचा भाग बदलला की ऑटोसेव्ह होतो, त्यामुळे कोपरखैरण्याला घाईत उतरावं लागलं तरी मेहनत वाया जात नाही. एल बटण दाबलं की वेग दुप्पट किंवा चौपट. रखरखीत वाळवंट तुडवताना हे वरदानच!

खरी जान गॅम्बिटमध्ये, म्हणजे कोणत्या अटीवर पात्राने आपोआप काय करायचं हे ठरवणाऱ्या नियमांच्या यादीत. यादी वरून खाली वाचली जाते. ‘शत्रू दिसला की हल्ला’ सगळ्यात वर ठेवलात तर ती अट कायम खरी ठरते आणि खालचा ‘क्युअर’ हा उपचाराचा मंत्र चालतच नाही. म्हणून उपचार वर, हल्ला तळाला. चोरीसाठी ‘शत्रूची एचपी (जीवनशक्ती) १०० टक्के असेल तर स्टील’ हल्ल्याच्या वर टाका. पहिला घाव बसला की ती अट आपोआप गळते. मात्र साथीदाराने आधी वार केला तर चोरी हुकते.

चौपट वेगात सापळ्यांवर पाय पडतो. ‘लिब्रा’ हा मंत्र लावूनच धावा, त्याशिवाय ते दिसत नाहीत.

स्विचवर सेकंदाला ३० फ्रेमच मिळतात, हे खटकतं. पात्राचा जॉब (कौशल्यांचा गट) निवडताना चुकला तर मात्र गेममधल्या राबानास्त्र शहराच्या क्लॅन हॉलमध्ये माँब्लांक या पात्राकडे जा, तो बदलून देतो.