ओला पंचा

बुधवार, ३० एप्रिल २०२५. अखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया.

रात्रीची ट्रॅव्हल्स पहाटे धुळ्याला टेकली. पुढे एस.टी.नं अमळनेर, तिथून भावाच्या गाडीवर गाव. आठ वाजताच ऊन डोळ्यांत खुपत होतं. घरी घागर भरून झाली होती; वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. भाऊ आगारी, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर, टाकून मोकळा झाला. पितर जेवले, आता माझी पाळी.

मांडे, म्हणजे पालथ्या खापरावर भाजायच्या मोठ्या पुरणपोळ्या, मात्र तीन घरं पलीकडे, लहानपणच्या मैत्रिणीच्या अंगणात. ती अमळनेरात दिलेली. पण अखाजीला माहेरी आली की तिला झोक्यावर कोणी बसू देत नाही, अख्खी गल्ली पुरणाची पातेली घेऊन दारात. लगीनसराईत तर ती मांड्यांच्या ऑर्डरी घेते. आणि हिलाच तेरा वर्षांची असताना माझ्या आजीनं खापराजवळून उठवलं होतं. “डावखोरी पोर शे, इले मांडा जमाव नही.”

आजीचं अगदीच चूक नव्हतं. बायका खापराभोवती खेटून बसतात. सगळ्यांचे मांडे एका दिशेला फिरत असताना हिचा उलटा फिरायचा आणि कोपर शेजारणीला लागायचं.

मग सुरू झाला पंचा. दुपारी सगळे झोपले की ती ओट्यावर भिजवलेला पंचा घेऊन बसायची. या हातावरून त्या हातावर झेलायचा, फिरवायचा, कोपरापर्यंत येऊ द्यायचा. कोरडा का नाही, तर त्याला पिठाचं वजन नसतं. मी शेजारी बसून हसायचे. मीही शिकायला बसले होते, एक दिवस! गहू भिजवून, सुकवून, दळून, पीठ वस्त्रगाळ करून, लेस सुटेपर्यंत तिंबून झाल्यावर माझा पहिलाच मांडा चुलीत गेला आणि मी उठले ती उठलेच.

तिचे दोन अखाज्या फाटले. एकदा पुरणासकट अर्धा मांडा खापरावर सांडून जळला, धूर झाला, बायका ओरडल्या. ती सराट्यानं खापर खरवडत म्हणाली, “फाटना ते फाटना. पीठ कोठे पळी जास?” आणि पुढचा उंडा घेतला.

तिसऱ्या अखाजीला आजीनं शाबासकी वगैरे दिली नाही. तो आमच्या आजीचा स्वभावच नव्हता. तिनं फक्त आपला पाट हातभर सरकवला. डाव्या कोपराला जागा झाली. त्या दिवशीचा मांडा चौपदरी घडी पडून ताटात आला, एवढं आठवतं. खाल्ला कोणी, आठवत नाही.

आज तिच्याजवळ चुलीत पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळल्या काड्या, सरकवत बसले होते. मी सीएचा नाद दुसऱ्या अटेम्प्टनंतर सोडला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घरी विचारतात तेव्हा ‘नशीब’ म्हणून मोकळी होते. तिच्याकडे बघताना ते नशीब घशात अडकलं. म्हणून विचारलं, आजीचा राग नव्हता आला तुला?

“उन्ता ना. दोन दिन तुमना दारवर उनू नही मी.”

“मग?”

“मंग काय? तिसरा दिन उनू.”

मला तर ते दोन दिवस आठवतही नाहीत. त्या वयात आम्ही दिवसातून दहादा भेटायचो, आणि ती आली नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. याचंच जास्त लागलं.

आमरसात बुडवून तीन मांडे खाल्ले, वर कुरडया. दुपारभर हलता आलं नाही.

रात्री लाइट गेली. गच्चीवर झोपायला गेले तर दोरीवर भावाचा पंचा, अजून ओलाच. घेतला. दोनदा खाली पडला, तिसऱ्यांदा तोंडावर. खालून आई ओरडली, “वर काय धपधप करी ऱ्हायनी व?”