पहिला कयाक : धरण, खाडी आणि ३०,००० रुपये

कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, ठरला आणि घरीही आला. मागच्या नोंदीपर्यंत तीन पर्याय उरले होते : टणक प्लॅस्टिकचा, वरच बसायचा सिट-ऑन-टॉप, पाय आत घालून बसायचा सिट-इन आणि हवा भरायचा. माझी अडचण पुण्यातल्या बऱ्याच जणांसारखीच. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गच्चीला सोसायटीचं कुलूप, गाडी छोटी. पाणी मात्र दोन्ही तऱ्हेचं हवं : शनिवार-रविवारी पवना किंवा मुळशी आणि सुट्टीत कोकणातली खाडी. सगळं मिळून खर्च ३०,००० च्या आत. त्यातून लाइफ जॅकेट आणि वल्ह्याचे पैसे मी आधीच बाजूला काढले होते, त्यात हात आखडायचा नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं.

सगळ्यात आधी वेगाचं वाहतं पाणी यादीतून काढलं. कोलाडला कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजकेंद्राचं पाणी सकाळी सुटतं तेव्हा राफ्टिंग चालतं. त्या पाण्याला आखूड, दोन्ही टोकं वर उचललेला, झटकन वळणारा कयाक लागतो. तोच धरणावर नेला तर प्रत्येक वल्ह्यासरशी नाक इकडून तिकडे फिरत राहतं, अंतर काही कापलं जात नाही. कमी पैशात अनेक पाण्यांसाठी एकच कयाक घ्यायचा असेल तर आपल्याला कोणतं पाणी नको, हे आधी ठरवावं असं माझं ठाम मत झालंय. हे एक पाणी सोडल्यावर निम्मे प्रश्न आपोआप मिटले.

सिट-इन त्यानंतर गेला. उलटला की आत पाणी भरतं आणि खोल पाण्यात तो रिकामा करणं नवख्याला जमत नाही. थंड देशांत अंग कोरडं राहावं म्हणून त्याला महत्त्व आहे. आपल्याकडे कोमट पाण्यात भिजण्याची भीती कसली? सिट-ऑन-टॉप सरळ केला, आडवं होऊन वर चढलं की झालं, वरचं पाणी तळातल्या भोकांतून निघून जातं. १० ते १२ फूट लांब आणि ३० इंचांच्या आसपास रुंद असा सिट-ऑन-टॉप धरण आणि खाडी या दोन्हींसाठी उत्तमच आहे. ज्यांच्याकडे तळमजला किंवा अंगण आहे त्यांनी दुसरं काही बघू नये. वापरलेला घेत असाल तर उलटा करून मागच्या टोकाचा तळ बघा. ओढत नेऊन नेऊन तो तिथेच पातळ होतो. भोकांच्या कडांना चिरा नाहीत ना, हेही तपासा. मला मात्र २५ किलोचा, दहा फुटांचा तो तुकडा जिन्याच्या वळणावरून वर नेणं शक्य नव्हतं.

म्हणून हवा भरायचा, दोन सीटचा, वापरलेला इंटेक्स एक्स्कर्शन प्रो घेतला. लांबी ३८४ सेंटिमीटर, रुंदी ९४. त्याच कंपनीचा एक्सप्लोरर के२ स्वस्त पडतो, पण तो ३१२ सेंटिमीटरचा, साध्या व्हिनाइलचा. एक्स्कर्शनची तीन थरांची भिंत जास्त दाब सहन करते आणि मला खाडीसाठी नेमका तोच कडकपणा हवा होता. घेण्याआधी पूर्ण हवा भरून रात्रभर ठेवायला लावला, जोडांवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी फिरवलं. कुठेही बुडबुडे नव्हते. सकाळी तो किंचित मऊ लागला, पण रात्रीच्या गारव्याने दाब तेवढा उतरतोच. दुपारी उन्हात पुन्हा घट्ट झाला. म्हणूनच किनाऱ्यावर उन्हात ठेवताना थोडी हवा सोडायची, ही सवय मी आत्तापासूनच लावून घेतोय.

याचं खरं दुखणं वारा. कयाक हलका, पाण्यावर उंच तरंगणारा, त्यामुळे वारा त्याला ढकलत नेतो. तळाला स्केग (माशाच्या परासारखी छोटी पट्टी) लावला की चाल सरळ राहते, पण वाऱ्याची ढकल काही थांबत नाही. पवनेवर यावर उपाय सोपा आहे : सकाळी लवकर उतरायचं आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर परतीला वारा पाठीशी. कोकणात गणित उलटं होऊ शकतं. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यातच ओहोटी असेल तर दोघं मिळून खाडीच्या मुखाकडे ओढतात. देवबागला कर्ली समुद्राला मिळते तशा संगमांपासून मी या कयाकमध्ये लांबच राहणार. शिवाय खडकांवर आणि तिवरांच्या मुळांवर कालवं असतात, त्यांची धार पीव्हीसी सहज कापते. उतरायला वाळू किंवा धक्का बघायचा. आणि वाशिष्ठीत मगरी आहेत, तेव्हा दाभोळ खाडीचा वरचा भाग या रबरी कामाला नकोच.

आता वल्हं राहिलंय. एवढ्या रुंदीला २२० सेंटिमीटरचं आखूड पडेल, हाताची बोटं कडेला घासतील. २३० आणि २४० यांतलं एक निवडायचंय. मी २४० कडे झुकलोय. जॅकेट ५० न्यूटनचं (पाण्यात ते किती उचलून धरतं त्याचं हे माप) घेतलं. पोहता येणाऱ्याला किनाऱ्याजवळ तेवढं पुरतं, पोहता न येणाऱ्या सोबत्याला १०० न्यूटनचं द्यावं.

पहिली खाडी आंजर्ल्याची, जोग नदीची, तीही दिवाळीनंतर आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत. उधाणाला ओढ फार असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, म्हणून एकादशी धरली तर सव्वाआठच्या सुमारास भरती. आदल्या दिवशी तक्त्यावर ताडून बघेन. साडेसहाला उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर नदीत वर जायचं, पाणी फिरलं की त्याच्याबरोबर खाली यायचं आणि समुद्राचा वारा सुटायच्या आत, दहापर्यंत, कयाक गुंडाळून डिकीत.