रूट झालास म्हणून सगळं मोकळं नसतंय भावा

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर आम्ही बघतो, तिथला पोरगा विचारत होता, दादा सुडो मारलाय, म्हणजे रूट, सगळे अधिकार असलेला यूजर झालोय, आयडी टाकला की शून्य म्हणजे रूटचा नंबर दाखवतंय, तरी पासवर्डची शॅडो फाइल उघडंना, एसईलिनक्सच बंद करू काय. म्हटलं हात लावू नको, ते बरोबर चाललंय. एसईलिनक्स म्हणजे लिनक्समधला जास्तीचा पहारा, प्रत्येक प्रोसेसला लेबल लावतो आणि त्या लेबलाला काय चालतं ते पॉलिसीत, म्हणजे नियमांत, लिहिलेलं असतं.

त्याचं अकाउंट आम्ही एसईलिनक्सच्या स्टाफ यूजरला मॅप केलंय. सुडोनं युआयडी, म्हणजे यूजरचा नंबर, बदलला, लेबल स्टाफचंच राहिलं. सुपरवायझरचं हेल्मेट घातलं म्हणून गेटपास बदलत नाही, तसंच. आयडीला कॅपिटल झेड लावून बघितलं की लेबल दिसतं, पण लोक तेवढं बघतच नाहीत, डायरेक्ट सेटएनफोर्स झिरो, म्हणजे एसईलिनक्सची अडवणूकच बंद.

माझं मत असं की एसयू (दुसरा यूजर व्हायची कमांड) असो नाहीतर सुडो, कमांडनं सांगितलेलं काम करावं म्हणजे यूजर बदलावा, लेबल आपल्या मनानं बदलू नये. ॲडमिन रोल पाहिजे तर तो वेगळा मागावा, न्यूरोल कमांडनं किंवा सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडोच्या सेटिंगच्या फाइलीत, रोल आणि टाइप हे लेबलाचे भाग लिहून, आणि पॉलिसीनं हो म्हटलं तरच मिळावा. कारण वेबसर्व्हरच्या प्रोसेसमधनं कोणी घुसला आणि रूट झाला तरी तो वेबसर्व्हरच्या लेबलातच अडकून पडावा हाच तर सगळा खेळ आहे, युआयडी शून्य झाला की लेबलपण आपोआप मोकळं होणार असेल तर एवढी पॉलिसी लिहायची कशाला? आणि सुडो म्हणजे काय देवाचं वाक्य नाही, २०२१च्या जानेवारीत बॅरन सॅमेडिट बाहेर आला, तो बग २०११पासून आत बसला होता, साध्या लोकल यूजरला पासवर्डशिवाय रूट मिळत होतं.

स्क्रिप्टचं वेगळं. रूटचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, पोस्टग्रेस डेटाबेसचा यूजर होऊन बॅकअप घेतो, तिथं लोक सवयीनं एसयू लिहितात. एसयू माणसासाठी आहे, पासवर्ड विचारणं वगैरे त्याचं काम. रूटकडनं खाली उतरायचं असेल तर रनयूजर आहे की, तो पासवर्ड विचारतच नाही, रूटशिवाय कोणाला वापरू पण देत नाही. सर्व्हिस असेल तर सिस्टमडीच्या (सर्व्हिस चालू करणारा प्रोग्राम) युनिट फाइलीत यूजर लिहा, विषय संपला.

२०२४ला सिस्टमडी २५६मध्ये सुडोसारखं रन झिरो आलं, त्यात सेटयुआयडीची, म्हणजे प्रोग्राम त्याच्या फाइलीच्या मालकाच्या अधिकारानं चालायची, भानगडच नाही, नवीन प्रोसेस पीआयडी वन, म्हणजे सिस्टमडीच सुरू करतो. आयडिया लई भारी, पण मग बोलावणाऱ्याचं लेबल वारशानं येत नाही, ते पॉलिसीत नीट बसवावं लागतं.

ऑडिटचं मात्र एसयू-सुडोनं छान सांभाळलंय, लॉगिन युआयडी, म्हणजे सुरुवातीला लॉगिन कोणी केलं तो नंबर, तसाच राहतो, त्यामुळं रूट होऊन फाइल कोणी उडवली ते लॉगमध्ये सापडतं. फक्त चौघं मिळून एकच रूट पासवर्ड घेऊन एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरनं थेट रूट म्हणून लॉगिन, करत असतील, आणि आपल्याकडं निम्म्या ठिकाणी हेच चालतंय, तर लॉगिन युआयडीतपण शून्यच दिसणार, माणूस कोण ते कळणार नाही.