उजळाईवाडीला सोडायला

आमच्या घरात कोल्हापूरच्या विमानतळाला कुणी विमानतळ म्हणत नाही. ‘उजळाईवाडीला सोडायला कोण येणार?’ एवढाच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर ‘सगळेच’ हे ठरलेलं असतं. भाचा बेंगळुरूला परत निघाला की एका माणसामागे पाच माणसं गाडीत बसतात. गावापासून अंतर नऊ-दहा किलोमीटर. शिवाजी विद्यापीठ मागे पडलं, हायवेला लागलं की आलंच. मुंबईत विमानतळाच्या दारात गाडी दोन मिनिटं जास्त थांबली तर शिट्ट्या वाजतात. आमच्याकडे पोहोचवायला आलेली मंडळी दाराशी रेंगाळतात, आत गेलेल्याला काचेतून खुणा करतात, आणि विमान उडालेलं बघूनच चहाला कुठे थांबायचं ते ठरवतात.

या धावपट्टीचं वय मात्र भल्याभल्यांना माहीत नसतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते १९३२ मध्ये. त्यानंतर सातच वर्षांनी, १९३९ साली, राजाराम महाराजांनी कोल्हापुरात विमानतळ उभा केला. संस्थान केवढं, आणि हौस केवढी! पण ही निव्वळ हौस नव्हती, घरातलं वळण होतं. वडिलांच्या, म्हणजे शाहू महाराजांच्या काळात १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. आज स्टेशनला वडिलांचं नाव आहे. विमानतळाला मुलाचं नाव द्यावं असा ठराव विधानसभेनं २०१८ मध्ये केला. बापानं रूळ आणले, लेकानं धावपट्टी. कोल्हापूरकराला एवढं पुरतं. पुढची दहा वर्षं तो हेच सांगत राहील.

आमच्या लहानपणी मात्र विमानतळ होता आणि विमान नव्हतं. म्हणजे कधी कधी असायचं. सेवा सुरू व्हायची, पेपरात फोटो यायचा, आणि आपण तिकिटाचे पैसे जमवेपर्यंत ती बंद झालेली असायची. ‘विमान चालू झालंय’ आणि ‘विमान बंद पडलंय’ ही वाक्यं आम्ही नळाच्या पाण्याबद्दल बोलावं तशी बोलायचो. छोट्या गावाच्या विमानतळाचं दुखणं हेच. विमान रोज सुटेल याची खात्री नाही म्हणून माणसं रेल्वेचं रिझर्व्हेशन करतात, आणि माणसं येत नाहीत म्हणून विमान सुटत नाही.

ही गाठ सुटायला ‘उडान’ योजना यावी लागली. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं अडीच हजारांच्या आसपास बांधून दिलं आणि कंपनीला पडणारी तूट सरकारनं उचलली. २०१७ च्या एप्रिलमध्ये नांदेडहून हैदराबादला विमान उडालं, डिसेंबरात आमच्याकडून मुंबईला. एकोणीस आसनांचं होतं ते. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी ‘वडापच की हे!’, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीपच की, असा शेरा मारला होता. तेच गृहस्थ पुढे हैदराबादला जाऊन आले आणि महिनाभर ‘वरून’ दिसलेल्या पंचगंगेबद्दल बोलत होते.

तेव्हाची धावपट्टी १३७० मीटरची. पंख्याचं छोटं एटीआर विमान तेवढ्यावर उतरू शकतं, मोठ्या जेटला ती अपुरी. म्हणून मग ती वाढवायची, वाढवायची म्हणजे शेतं घ्यायची, शेतं घ्यायची म्हणजे आजूबाजूच्या गावांचे रोजचे रस्ते वळवायचे. ‘विमानतळाचा विकास’ या दोन शब्दांत कुणाचा तरी गवताचा भारा घेऊन घरी जायचा रस्ता लांब झालेला असतो, हे शहरात राहून कळत नाही. धावपट्टीवर मोठ्या आकड्यांत एका टोकाला ०७ आणि दुसऱ्या टोकाला २५ लिहिलेलं असतं. मला ते बरीच वर्षं बसच्या फलाटासारखं वाटायचं. ती असते दिशा: होकायंत्राचे ७० आणि २५० अंश, शेवटचं शून्य गाळून. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं असतं, म्हणजे पंचवीस.

२०२४ च्या मार्चमध्ये नवी इमारत सुरू झाली. काळा दगड, मोठाल्या कमानी. भवानी मंडपाची आणि पन्हाळ्याची आठवण यावी अशी. सामान द्यायला दहा खिडक्या, गर्दीच्या वेळी पाचशे माणसं मावतील एवढी ऐसपैस जागा. मला ती आवडली, हे आधी कबूल करते. सगळीकडचे विमानतळ काचेच्या एकाच साच्यातून काढल्यासारखे असताना इथे निदान गाव ओळखू येतं. पण तिथे शिरताना आवाज आपोआप खाली येतो, आणि कोल्हापूरकराचा आवाज खाली येणं ही साधी गोष्ट नाही.

या इमारतीतून आईला पहिल्यांदा नेलं ते तिरुपतीच्या विमानाला. आमच्याकडून तिरुपतीला जायला हक्काची गाडी हरिप्रिया. हरीची प्रिया, म्हणजे लक्ष्मी. रेल्वेतल्या कुणी तरी कथा नीट ऐकून नाव ठेवलेलं दिसतं. भृगूंनी विष्णूला लाथ मारली, विष्णूनं उलट त्यांचेच पाय चेपले, म्हणून लक्ष्मी रुसून निघाली ती थेट करवीरला, म्हणजे आमच्या कोल्हापूरला. अजूनही नवरात्रात तिरुमलाहून अंबाबाईला शालू येतो. हरिप्रियेत एक रात्र काढावी लागते. २०१९ मध्ये विमान सुरू झालं आणि रुसवा दीड-दोन तासांवर आला.

आईनं पिशवीत ओटीचं सामान घेतलं होतं. तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिथल्या ताईंनी खण, हळकुंड, सुपारी बाजूला करून सुक्या खोबऱ्याची वाटी उचलली. “आजी, हे नेता येत नाही.” खोबऱ्यात तेल असतं, ते पेटू शकतं म्हणून विमानात चालत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मागे रांग होती, तरी कुणी कुरकुरलं नाही; एक बाई तर “माझंबी मागं काढून घेतलंतं” म्हणून धीर देऊन गेल्या.

“ओटी कुणाची होती, आजी?” ताईंनी विचारलं.

“तिरुचानूरच्या पद्मावतीची,” आई म्हणाली. मग वाटीकडे बघत जराशी थांबली. “म्हणजे आमच्या अंबाबाईची सवतच की. आईलाच पसंत नसंल. ठेव गं, ठेव हितंच.”