तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या स्वस्तात घर सजवायचं सुचतं कुठून?

हा प्रश्न आधी बायकोला विचारला जातो. घरी कोणी आलं की सोफ्यावर टेकता टेकता, "अगं काय छान सजवलंयस गं घर, आणि खर्च म्हणशील तर काहीच नाही, सुचतं कुठून तुला?" मग ती चहा टाकायला उठताना नुसतं माझ्याकडे बोट दाखवते आणि समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. पन्नाशी उलटलेला पुरुषमाणूस मशीनवर बसून पडदे शिवतो म्हणजे याला दुसरा उद्योग नसणार. असो. २०१८ ला थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली तेव्हापासून गणपतीच्या तोंडावर फोन सुरू होतात, "काहीतरी स्वस्त आणि मस्त आयडिया दे ना." पुण्यातल्या बुरूड आळीतून बांबूच्या चटया आणा, मागे काठाची जुनी साडी चुण्या घालून सोडा, झालं मखर, असं मी सांगतो, ते वा वा म्हणतात आणि आदल्या दिवशी जाऊन तयार मखर घेऊन येतात.

तर एकदाचं लिहूनच टाकतो. मला काही सुचत नाही. निदान तुम्हाला वाटतं तसं तरी नाही. मोबाईलवर फोटो बघून घर सजवायचा प्रकार मीही करून पाहिलाय, पण त्या फोटोतल्या खिडक्यांना गज नसतात, भिंतींना ओल नसते आणि बाल्कनीत कुणाचेही बनियन वाळत नसतात. तसं करायला गेलं की सगळं सामान विकत आणावं लागतं आणि स्वस्त हा विषय तिथेच संपतो. भिंतीवर वारली काढायची तर अस्सल पद्धतीनं गेरू आणि तांदळाचं पीठच हवं असा एकाचा हट्ट होता. अहो, ते कुडाच्या भिंतीचं काम, आपल्या ऑइलपेंटवर आठवड्यात पोपडे धरतात, आप्पा बळवंत चौकातून पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग आणा आणि मोकळे व्हा.

माझं उलटं आहे. वस्तू आधी येते. घरात पडून राहते, पायात येते, बायको रोज विचारते की हे कधी जाणार, आणि अशीच बघत बघत कधीतरी कळतं हिचं काय करायचं ते. शाळेतून केळकर संग्रहालयात, म्हणजे दिनकर केळकरांनी जमवलेल्या जुन्या घरगुती वस्तू बघायला नेलं होतं तेव्हा बाकीची पोरं तलवारींपाशी आणि मी वज्रींपाशी. पाय घासायची वस्तू, न्हाणीघरात पडून राहणारी, तिच्यावर कुणीतरी पोपट नि हत्ती काढून बसलाय. तेव्हापासून मला दिवाणखान्यापेक्षा न्हाणीघर, माळा, जिन्याखालची जागा यात जास्त रस. एवढंच माझं इन्स्पिरेशन, हवं तर घ्या.

पण हे उत्तर अर्धंच आहे हे मलाही कळतं, कारण वस्तू आधी येते म्हणजे ती कुणाची तरी असते. इथे ते कपाट आलं.

आमच्या कसब्यातल्या दोन खोल्या, वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा रिकाम्या करायच्या होत्या. आई आदल्या वर्षी गेलेली. ताईनं देव नेले, बंब नेला, पितळी डबे नेले, आणि नेणं बरोबरच होतं. राहिलं दुधाचं कपाट. जाळीच्या दारांचं, सागवानी, ज्याचे पाय मुंग्या चढू नयेत म्हणून आयुष्यभर पाण्याच्या वाट्यांत उभे होते आणि त्यामुळेच खालून कुजले होते. मागच्या फळीचा पांढरट भाग वाळवीनं खाल्लेला, गाभ्याचं लाकूड मात्र ठणठणीत. भंगारवाला जळणाचा भाव सांगत होता. ताई म्हणाली, माझ्याकडे जागा नाही रे. हे वाक्य तिनं म्हटलं होतं, मला नीट आठवतंय, आणि हे मी तिला नंतर ऐकवलंही.

ते कपाट आमच्या गॅलरीत एक पावसाळाभर पडून होतं. मग मी पाय चार बोटं कापले, कुजकं तेवढं गेलं. मागची फळी बदलली. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, शेवटपर्यंत लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवा हात मारला की ओरखडे पॉलिशनंतर वर येतात. बोहरी आळीतून नवी जाळी. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून कापसाच्या बोळ्यानं पातळ पातळ हात दिले. दाराच्या आतल्या चौकटीवर आईनं पेन्सिलीनं लिहिलेला दुधाचा हिशोब होता, अर्धा लिटर, एक लिटर, कुठे नुसती फुली म्हणजे भय्या आला नाही. तेवढ्या जागेला मी पॉलिश पेपर लावला नाही, वरून फक्त लाख फिरवली, अक्षर पक्कं झालं.

आणि मग ते कपाट दारापाशी ठेवून त्यात चपला ठेवल्या.

आता हसू नका किंवा दचकू नका, आधी ऐका. पाय कापल्यावर उंची बरोबर बसून बूट घालण्याइतकी झाली होती. जाळीमुळे हवा खेळते, पावसाळ्यात ओल्या बुटांना वास मारत नाही, बाजारातल्या बंद कपाटांत नेमका तोच त्रास. वस्तू म्हणून बघितलं तर त्या कपाटाचा याहून चांगला उपयोग मला आजही दिसत नाही.

गौरी जेवायच्या दिवशी ताई आली. दारातच थांबली. "हे आपलं दुधाचं कपाट ना रे?" मी खुशीत, हो म्हटलं, ओळखलंस! तिनं वाकून दार उघडलं. आत माझे सँडल, बायकोच्या चपला, पोराचे मातीनं भरलेले फुटबॉलचे बूट. आणि दाराच्या आतल्या बाजूला आईचं अक्षर, चांगलं चकचकीत. ती काही ओरडली नाही. म्हणाली, "या कपाटाला आई पारोशानं हात लावू द्यायची नाही. नैवेद्य झाकून ठेवायची यात." मी आपला जाळी, हवा, भंगारवाला सगळं सांगत सुटलो. तू नको म्हणालीस, जळणात गेलं असतं. वर संग्रहालयवाल्या केळकरांचंही काढलं, की त्यांनी नाही का पानसुपारीच्या अडकित्त्यांनासुद्धा मान दिला. त्यावर ती म्हणाली, "त्या माणसानं चष्म्याचं दुकान सांभाळून गेलेल्या मुलाच्या नावानं एवढं सगळं जमवलं आणि ७५ साली सरकारला देऊन टाकलं. तू त्यात चपला ठेवल्यास."

गौरींना हळदीकुंकू वाहिलं आणि न जेवता गेली. सवाष्ण, माहेरवाशीण, त्या दिवशी. सोळा भाज्यांचं ताट तसंच झाकून राहिलं. बायको आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि त्या आठ दिवसांत दोन शेजारणी येऊन कपाटाचे फोटो काढून गेल्या, काय भारी आयडिया म्हणे.

तेव्हाचा मी म्हणायचो, वापरात ठेवणं हेच जपणं. वाक्य छान आहे, मीच चार लोकांना ऐकवलंय. आता ते म्हणताना मला वाटतं, मग ताईकडे देव वापरात आहेत आणि माझ्याकडे बूट, दोन्हीला एकच शब्द कसा लावायचा? पण मग दुसरं काय करायचं होतं? शोकेस करून त्यात काचेच्या बाहुल्या ठेवायच्या? त्याला आई हसली असती. डाळी-पोह्यांचे डबे ठेवता आले असते, हे बायकोचं म्हणणं, आणि स्वयंपाकघरात तेवढी जागा नाही, हे माझं. हा वाद आमच्याकडे अजून चालू आहे. चपलाही अजून तिथेच आहेत. ताई राखीला आली, भाऊबीजेला आली, पण आपल्या चपला बाहेर जिन्यात काढते.

म्हणून कोणी सहज सुचतं कुठून विचारलं की माझा आवाज चढतो, त्याबद्दल राग मानू नका.

आता भाचीनं वाकडला फ्लॅट घेतलाय. परवा तिचा मेसेज, मामा, आजीच्या कपाटासारखं एक मला एंट्रन्सला हवंय, जुन्या बाजारात मिळेल का? रविवारी जाऊन येणार आहोत, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. लाकूड सागाचं आहे का ते नखानं खरवडून कसं बघायचं हे तिला दाखवीन, जाळी बोहरी आळीतून घेऊ. आत काय ठेवणार ते मी तिला विचारलेलं नाही.